सतरा नंबरची वायर

माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पांढुर्ण्यात मी कॉम्प्युटर-नेटवर्कचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक यायचं, मला ओलांडून आत डोकवायचं आणि विचारायचं, "भाऊ नाही का जी?" भाऊ म्हणजे माझा नवरा. मी सांगायचे, "भाऊ शेतात आहेत, संत्र्याला पाणी देऊन राहिले. वायर मीच जोडते. बोला, काय काम आहे?" असं रोज बोलावं लागलं की राग अंगात मुरतो. मग तो जात नाही. लोणच्यासारखा बरणीत बसून राहतो.

अंदाजाने काम करणाऱ्यांची मला फार चीड. "व्हायरस असंल", "लाइनच खराब असंल", "पावसानं झालं असंल" असं म्हणत अर्ध्या तालुक्यातली मशिनं लोकांनी उघडून ठेवलेली असतात. मी असं करत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यात वायर ऐकायची एक सोय आहे. वायरीतून कोण कोणाला काय पाठवतंय, ते ओळीओळीने पडद्यावर उमटतं. मी गुपचूप बसून ऐकते आणि मग सांगते. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "मशीन खोटं बोलत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की नवरासुद्धा त्यावरून मला चिडवायचा. भाजीत मीठ जास्त झालं की म्हणायचा, "मशीन खोटं नाही बोलत, बाई बोलते."

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यानंतर मी हेच वाक्य सौंसरच्या एका दवाखान्यात म्हटलं. त्यामुळे एका बाईची अकरा वर्षांची नोकरी जाता जाता राहिली.

दवाखाना खासगी, वीस खाटांचा. नेटवर्क माझंच. औषधांच्या स्टोअरमध्ये भिंतीवर उंच नेटवर्कचा स्विच, म्हणजे चोवीस भोकांची एक चपटी पेटी, आणि खाली टेबलावर सर्व्हर, रिपोर्ट ज्याच्यातून डॉक्टरांच्या स्क्रीनवर जातात तो. आधी सगळ्यांच्या वायरी एकाच गर्दीत होत्या. पेशंटचे नातेवाईक मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले की लॅबचे रिपोर्ट अडकायचे. म्हणून मी त्याच वायरींवर वेगवेगळ्या व्हीलॅन केल्या. व्हीलॅन म्हणजे काय, हे डॉक्टरांना मी आमच्या घरच्या भाषेत सांगितलं होतं. माझे बाबा नागपूरच्या मंडीत संत्री पाठवायचे तेव्हा एका गाडीत तीन शेतकऱ्यांचे कॅरेट जायचे. गाडी एक, रस्ता एक, पण प्रत्येकाच्या कॅरेटला त्याचा रंग लावलेला. बाबांचा निळा. मंडीत निळे कॅरेट निळ्याच्या ढिगात जायचे. तसंच इथेही आहे. स्विच आणि सर्व्हर यांच्यामध्ये एकच पिवळी वायर, पण तिच्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्याला, म्हणजे पॅकेटला, एक नंबराची चिठ्ठी. लॅबचा नंबर वीस, काउंटर आणि वॉर्डाचा तीस, कॅमेऱ्यांचा चाळीस. सर्व्हर चिठ्ठी बघतो, काढतो आणि पॅकेट आपापल्या दारातून आत घेतो. विसाचं दार वेगळं, तिसाचं वेगळं. आणि चुकीच्या दारातून आलेल्याला उत्तर द्यायचं नाही, असं मीच त्याला बजावून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, लॅबचे रिपोर्ट चार दिवसांपासून माझ्या स्क्रीनवर येऊनच नाही राहिले. आणि लॅबवाली म्हणते, मी पाठवून राहिली. तुम्ही या आणि एकदाचा काय तो निकाल लावा."

मी स्कूटी काढली. सौंसरला पोचेपर्यंत तासभर गेला, आणि पोचले तेव्हा निकाल जवळजवळ लागलेलाच होता. झालं होतं असं. दसऱ्याला आणि दुसऱ्या दिवशी लॅबवाल्या ताई सुट्टीवर होत्या. दरवर्षी त्या घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. दसऱ्याच्या तोंडावर तापाची साथ होती म्हणून मॅनेजरने सुट्टीसाठी खळखळ केली, दोघांची बाचाबाची झाली, तरी ताई गेल्याच. परत आल्या त्या दिवसापासून रिपोर्ट बंद. पहिल्याच दिवशी तापाच्या एका पोरीचा रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत आला नाही. वाट बघून तिचे वडील डॉक्टरांना चार माणसांत नाही नाही ते बोलले आणि पोरीला नागपूरला घेऊन गेले. पोरगी बरी झाली, पण डॉक्टरांच्या मनात ते सलत होतं. मॅनेजरने त्यांच्या डोक्यात भरवून दिलं की सुट्टीच्या रागापायी बाई मुद्दाम रिपोर्ट दाबते आहे.

ताई रामाकोन्याहून रोज येतात. चाळिशीच्या, बारीक, बोलणं मोजकं. लॅबमध्ये त्या एकट्याच. त्यांनी मला मशीन दाखवलं. "हे पाहा ताई, मी बटन दाबते, अन् हे लिहून येते, पाठवलं. पहिल्या दिवशी मी तेवढ्यावरच भरवसा ठेवला. आता मी कागद हातानं नेऊन देऊन राहिली." खरंच तसं लिहून येत होतं. पण ते सॉफ्टवेअर असं आहे की बटण दाबताक्षणी 'पाठवलं' म्हणतं, रिपोर्ट स्वतःजवळ ठेवतं आणि मागून पाठवायचा प्रयत्न करत राहतं. त्या शब्दाला काही अर्थ नाही, हे मला ठाऊक होतं. मशीनचा पत्ता ठीक होता. मागची वायर घट्ट होती, तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

मी स्टोअरमध्ये जाऊन सर्व्हरला लॅपटॉप जोडला आणि ऐकायला बसले. विसाच्या दारावर कान लावला. लॅबचं जे काही येईल ते तिथूनच येणार. दारातून ताईंना बटण दाबायला सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या पडद्यावर चिटपाखरू नाही. दहा मिनिटं बसले. एक ओळसुद्धा उमटली नाही.

मग मी हिशेब केला. वायर ठीक. सर्व्हर ठीक. स्विचचा पासवर्ड फक्त माझ्याकडे, त्याच्या सेटिंगला कोण हात लावणार? उरलं काय? ते मशीन आणि त्याच्यावर बसणारी. बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉक्टर, मॅनेजर आणि ताई उभ्या होत्या. दवाखान्यातले म्हातारे मामाही होते, हातात फडकं घेऊन. मामा तिथले सगळ्यांत जुने. स्ट्रेचर ढकलण्यापासून बागेला पाणी घालण्यापर्यंत सगळं तेच करतात. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "इथून काही निघतच नाही, डॉक्टरसाहेब."

"म्हणजे मशीन पाठवून नाही राहिली?"

"नाही. मी दहा मिनिटं ऐकलं. मशीन खोटं बोलत नाही."

मॅनेजर ताईंकडे बघून हसला. डॉक्टर हसले नाहीत, थकल्यासारखे दिसले. ते म्हणाले, "मॅडम, दोन ओळी लिहून द्या. उद्या भांडण नको." आणि ताईंना म्हणाले, "संध्याकाळी चाव्या ठेवून जा."

मला वाटलं होतं, बाई रडेल, नाहीतर भांडेल. मला दोन्हीची सवय आहे. ताईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी पाठवून राहिली, ताई. तुमच्यापाशी पोचून नाही राहिलं, ते तुमचं पाहा." आणि लॅबमध्ये निघून गेल्या. मला त्यांचा रागच आला. एवढं पुराव्यानिशी सांगितल्यावरही हा तोरा कशाला, असं वाटलं. रिपोर्ट दाबणारी बाई म्हणून एकदा बोभाटा झाला तर सौंसर, पांढुर्णा, छिंदवाड्यापर्यंत कुठलीच लॅब तिला दारात उभी करणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी बॅग उचलली, गावातली दुसरी दोन कामं उरकली आणि चारच्या सुमारास परत निघाले.

जामसांवलीच्या फाट्यावर मी नेहमी चहाला थांबते. मारुतीच्या दर्शनाचा मंगळवार नव्हता, गर्दी नव्हती. डॉक्टरांना दोन ओळी इथूनच पाठवून द्याव्यात म्हणून बाकड्यावर लॅपटॉप उघडला. लिहिलं, 'लॅबच्या मशीनवरून एकही पॅकेट बाहेर पडत नाही.' पुरावा म्हणून सकाळचा पडदाही सोबत जोडावा, नुसत्या शब्दावर कोणी विश्वास का ठेवावा, असं वाटलं. तो उघडला. पडदा रिकामा, फक्त वरती एक ओळ. ऐकायला बसलं की लिनक्स आधी ती एक ओळ लिहितो, कुठे ऐकतोय त्याची. 'ईथ-झिरो-डॉट-वीस वर ऐकत आहे.'

ही ओळ मी हजारदा पाहिली असेल. ती वाचायची असते हे त्या दिवशी कळलं.

डॉट-वीस. म्हणजे मी फक्त विसाच्या दाराशी बसले होते. तिथे आलं नाही, एवढंच मला माहीत होतं. निघालं की नाही, हे मला कुठून माहीत असणार? बाबांचे कॅरेट एकदा मंडीत पोचले नाहीत तेव्हा निळ्या ढिगाशी उभं राहून बाबा गाडीवाल्याला चोर म्हणाले होते. कॅरेट शेजारच्या ढिगात होते. ही गोष्ट मी हसत हसत लोकांना सांगते. आणि मी स्वतः तेच केलं होतं. बाबांनी निदान स्वतःच्या संत्र्यासाठी केलं. मी दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला. 'पोचत नाही' म्हणायचं, तिथे 'निघत नाही' म्हणून बसले होते, आणि ते लिहूनही देणार होते.

चहा तसाच ठेवला. डॉक्टरांना फोन लावला, ते ऑपरेशनमध्ये होते. मॅनेजरने उचलला. म्हणाला, "आता काय मॅडम? ती चाव्या देऊन पाचच्या गाडीनं जाऊन राहिली." मी म्हटलं, "तिला थांबवा." तो म्हणाला, "काऊन?" का, ते पुन्हा ऐकल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. मी फोन ठेवला आणि स्कूटी उलटी वळवली. खरं सांगते, त्या रस्त्याने मी इतकी जोरात गाडी कधी चालवली नव्हती. मनात भीतीही होती, की परत जाऊन ऐकलं आणि तरीही काहीच नसलं तर? मग लाजही माझी आणि नोकरी तिची, दोन्ही जाणार.

ताई लॅबमध्ये डबा पिशवीत घालत होत्या. चाव्यांचा जुडगा टेबलावर काढून ठेवला होता. मी दारातूनच म्हणाले, "ताई, मशीन बंद नका करू. आणखी एकदा बटण दाबा."

"सकाळी तीनदा दाबलं ना जी."

"हो. सकाळी मीच चुकीच्या दारात बसले होते. आता दाबा."

त्या पिशवी बाजूला ठेवून खुर्चीवर बसल्या.

मी स्टोअरमध्ये जाऊन सर्व्हरला पुन्हा लॅपटॉप जोडला. या वेळी डॉट-वीस लिहिलं नाही. नुसतं ईथ-झिरो, म्हणजे आख्खी पिवळी वायर, चिठ्ठी काढायच्या आधीची. सगळ्यांचं सगळं एकदम येतं तिथे, म्हणून त्यातल्या फक्त पत्ता विचारणाऱ्या हाका वेगळ्या केल्या. कोणत्याही मशीनला दुसऱ्याशी बोलायचं असलं की ते आधी हाक मारून विचारतं, अमुक पत्ता कोणाचा, मला सांगा. मी एंटर दाबलं.

आलं. लगेच आलं. लॅबच्या मशीनचा पत्ता आणि त्याची हाक, 'सर्व्हर कोण आहे? मला सांगा.' सेकंदभराने पुन्हा तेच. पुन्हा तेच. पडदा भरत गेला. ते मशीन चार दिवस हेच विचारत होतं आणि कोणी उत्तर देत नव्हतं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. मी ओरडले, "ताई, निघतंय! तुमचं निघतंय!" त्या धावत आल्या. त्यांना त्या ओळींतलं काही वाचता येत नव्हतं, पण मी बोट ठेवून दाखवलं, हे तुम्ही, हे तुम्ही, हेही तुम्हीच. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तशाच उभ्या राहिल्या.

पण मग विसाच्या दाराशी का येत नव्हतं? ऐकताना चिठ्ठी आपोआप दिसत नाही, ती दाखव म्हणून वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं. प्रत्येक ओळीच्या पोटात नंबर उमटला. तीस. तीस. तीस. लॅबच्या कॅरेटला वॉर्डाचा रंग लागला होता. आणि तो रंग लावतो स्विच, वायर कुठल्या भोकात आहे ते बघून.

मी मान वर केली. सकाळपासून तो स्विच माझ्या डोक्यावरच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. त्याच्यावर झेंडूचा सुकलेला हार होता. कडेने हळदीची बोटं, प्रत्येक भोकावर कुंकवाचा टिळा, वर चार अक्षता. कुंकवाखाली नंबर दिसत नव्हते. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. शेतात विळ्या-फावड्यांची, दुकानात माझ्या स्क्रू-ड्रायव्हरची, दवाखान्यात सुया-कात्र्यांपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत सगळ्यांची. हार मी सकाळी पाहिला होता आणि सवयीने हातही जोडला होता.

"मामा!" मी हाक मारली.

मामा फडकं खांद्यावर टाकून आले. मी विचारलं, "मामा, दसऱ्याले हे पेटी कोण पुसली?"

"म्याच पुसली, बाई. लय धूळ होती. साऱ्या वायरी काढल्या, ब्रशनं एक एक भोक साफ केलं, मंग पूजा केली. डॉक्टरसाहेबांनी नारळ फोडला."

"आणि वायरी परत कशा लावल्या?"

"होत्या तशाच लावल्या." मग जरा थांबून, शाबासकीची वाट बघितल्यासारखं म्हणाले, "त्या पिवळीले हात नाही लावला. तू म्हणली होती ना, पिवळीले कोणी हात लावाचा नाही. फक्त ते एक वायर तिकडे दूर एकटीच लोंबून राहिली होती. चांगलं नाही दिसत देवापुढे. म्हणलं, बाकीच्यांच्या संगं बसवून देऊ. रांगेत."

ती एकटी वायर लॅबची होती. मीच तिला मुद्दाम दूर, सतरा नंबरच्या भोकात ठेवलं होतं, म्हणजे घोळ होऊ नये. मामांनी तिला आठ जणींच्या शेजारी नवव्या भोकात आणून बसवलं होतं, वॉर्डाच्या रांगेत. पिवळीची ताकीद मी दिली होती. या एकीबद्दल कधी कोणाला अवाक्षर बोलले नव्हते. आणि पासवर्डाच्या भरवशावर बसले होते. भोकातून वायर काढायला पासवर्ड लागत नाही.

तोवर डॉक्टर ऑपरेशनमधून बाहेर आले होते, डोक्यावर अजून हिरवी टोपी. मॅनेजरही आला. मी त्यांना काहीच समजावलं नाही. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या स्क्रीनपुढे उभे राहा फक्त." स्टुलावर चढले, कुंकू बोटाने पुसून सतरा नंबर शोधला आणि वायर तिथे बसवली. खट् असा आवाज आला.

आत डॉक्टरांच्या स्क्रीनवर पहिला रिपोर्ट आला. मग दुसरा. मग धडाधड येऊ लागले, चार दिवसांचे, जुन्यात जुना आधी. त्या सॉफ्टवेअरला मी सकाळी नावं ठेवली होती, पण त्याने एकही रिपोर्ट टाकून दिला नव्हता. प्रत्येकावर बटण दाबल्याची वेळ होती. डॉक्टर वाकून वाचत होते. तापाच्या त्या पोरीचा रिपोर्ट होता. नमुना घेतल्यापासून तासाच्या आत तो पाठवलेला होता. डॉक्टरांनी त्या वेळेवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

कॉरिडॉरमध्ये सकाळचीच माणसं सकाळच्याच जागी उभी होती. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. म्हणाले, "सकाळी मी इथेच उभं राहून म्हटलं होतं, इथून काही निघत नाही. ते चूक होतं. निघत होतं. मी एकाच दाराशी बसले होते आणि सगळं ऐकलं म्हणून सांगितलं. चूक मशीनची नाही, ताईंची नाही, मामांचीही नाही. माझी आहे."

डॉक्टरांनी लॅबमधल्या टेबलावरून चाव्या उचलल्या आणि ताईंच्या हातात दिल्या. "माझंही चुकलं, बाई," ते म्हणाले. "मी विचारायला पाहिजे होतं, ऐकवायला नाही." मॅनेजर औषधांचे खोके मोजायला लागला, जणू तेच काम राहिलं होतं. मामा बिचारे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "म्या काही बिघडवलं का, बाई?" मी म्हटलं, "नाही मामा. तुम्ही माया केली. सांगायचं माझं राहिलं होतं."

पाचची गाडी गेली होती. मी ताईंना म्हणाले, "बसा मागे, रामाकोन्याला सोडते." त्या बसल्या. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. मग मागून त्यांचा आवाज आला. "तुम्ही आल्या तवा मले बरं वाटलं होतं. म्हणलं, बाई आहे, हे तरी माह्या बाजूनं पाहील. म्हणून जास्त लागलं."

मी म्हटलं, "बाजूने नाही पाहिलं तरी चाललं असतं. सगळीकडे पाहायला पाहिजे होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "तेच." आणि थोड्या वेळाने, "ते ऐकणं मले शिकवसान का?"

शिकवलं. आठवड्यातून एकदा मी सौंसरला जायचे, लॅब बंद व्हायच्या आधी तासभर. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण पेशींचे ठिपके मोजणाऱ्या डोळ्यांना ओळींतला फरक ओळखायला वेळ लागत नाही. महिन्याभरात त्या मला फोनवर सांगू लागल्या, "ताई, कॅमेऱ्याचा चाळीसवाला आज लय बडबड करून राहिला." वायरींना खुणा करायची कल्पना त्यांचीच. प्रत्येक वायरीला आणि तिच्या भोकाला एकाच रंगाचा ठिपका. त्यांनी घरून लाल नेलपॉलिश आणली. मामा जवळ उभे होते, ते म्हणाले, "लाल नको. कुंकू लालच असते. दसऱ्याले झाकून जाईल." आम्हा दोघींना हे सुचलंच नव्हतं. मग मी बाबांच्या कोठारातून कॅरेटच्या निळ्या रंगाचा डबा आणला. तळाशी घट्ट झाला होता, रॉकेल घालून ढवळला. लॅबची वायर निळी झाली.

गेल्या दसऱ्याला मामांनी मला मुद्दाम बोलावलं. "तुह्या डोळ्यासमोर करतो," म्हणाले. पिवळी सोडून साऱ्या वायरी काढल्या, ब्रशने भोकं साफ केली, हळद-कुंकू लावलं, डॉक्टरांनी नारळ फोडला. मग चष्मा लावून मामांनी एकेक वायर ठिपक्याला ठिपका बघून परत बसवली. निळी सर्वांत शेवटी. ती सतराव्या भोकात एकटीच लोंबू लागली तेव्हा ते जरा हळहळले. "एकटीच दिसते," म्हणाले. "पण तिची जागा थेच. राहू दे."

इतक्यात माझा फोन वाजला. ताई नागपूरहून बोलत होत्या. मागे माणसांचा समुद्र, घोषणा, कोणीतरी लहान मूल रडत होतं. त्या ओरडून विचारत होत्या, "ताई, वायर बसली का जागेवर? पोचून राहिलं का?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. समोर दिसत होतं, निळं निळ्यात होतं. पण मी म्हटलं, "थांबा जरा. आधी पाहते." डॉक्टर स्वतः लॅबमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी एक रिकामा रिपोर्ट पाठवला. मी पिवळ्या वायरीवर कान लावला, चिठ्ठ्यांसकट. वरची ओळ मोठ्याने वाचली, ईथ-झिरो. मग विसाच्या दारावरही ऐकलं. ताई फोनवर थांबून होत्या, गर्दीतून सरकत, मध्येच कोणाला तरी वाट देत.

"निघालं," मी म्हणाले. "आणि पोचलं. वीस नंबरच्या चिठ्ठीनं."

तिकडून त्या हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "मंग दोन ओळी लिहून द्या, ताई. उद्या भांडण नको."

मी तिथेच, स्टोअरमध्ये स्टुलावर बसून, मामांनी दिलेल्या प्रसादाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि लॅबच्या दारावर चिकटवल्या. त्या अजून तिथे आहेत.